पाच इंद्रियांचे उद्यान

दिल्लीस गेलेला प्रवासी कुतुबमिनार पाहून परततो. तेथून काही किलोमीटरवर, साकेत मेट्रो स्थानकानजीक सैद-उल-अजायब येथे २० एकरांवर वसलेले ‘गार्डन ऑफ फाइव्ह सेन्सेस’ त्याच्या यादीत सहसा नसते. दिल्ली पर्यटन महामंडळाने ते फेब्रुवारी २००३ मध्ये खुले केले. आराखडा वास्तुविशारद प्रदीप सचदेवा यांचा.

जमीन खडकाळ व चढउताराची. अशा जागी प्रथम सपाटीकरणाचा मोह होतो. येथे मात्र मोठमोठे खडक राखले गेले आणि त्यांच्या आधाराने एका उद्यानात अनेक लहान उद्याने सामावली. प्रवेशापाशी खांबांवर पोलादी पक्षी झेपावताना दिसतात. पुढे पाटीच्या दगडाने मढविलेला हत्तींचा कळप. मोगल धर्तीच्या ‘खास बाग’मध्ये पाटांतून संथ पाणी वाहते, दुतर्फा सुवासिक झुडपे. निवडुंगांचे दालन निराळे.

सर्वांत रमणीय ‘नील बाग’. कमळकुंडांभोवती वेलींचे मांडव आणि त्यांना टांगलेल्या चिनी मातीच्या असंख्य घंटिका. वारा आला की त्या किणकिणतात आणि डोळे मिटून उभे राहावेसे वाटते. राजधानीच्या गोंगाटात कानाला असा विसावा दुर्मीळच. रसनेची जबाबदारी मात्र झाडांऐवजी उपाहारगृहांवर सोपविलेली आहे, हे किंचित खटकते.

आपल्याकडील बागांत ‘हात लावू नये’ ही पाटी प्रथम दिसते. सदनिकेत वाढणाऱ्या मुलाला तुळस आणि पुदिना यांच्या पानांतील फरक बोटांनी कळावा तो कोठे? आणि ज्याला दृष्टीच नाही, त्याने उद्यानात जावे कशासाठी? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिल्लीतच, राष्ट्रपती भवनाच्या उद्यानसमूहात मिळते. २०२३ पासून ‘अमृत उद्यान’ म्हटल्या जाणाऱ्या या परिसरात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम राष्ट्रपती असताना (२००२-२००७) दृष्टिहीनांसाठी ‘स्पर्श उद्यान’ साकारले. सुगंधी वनस्पतींजवळ ब्रेल लिपीतील माहिती असते. पान चुरगळावे, हुंगावे आणि बोटांनी नाव वाचावे.

अमृत उद्यान प्रामुख्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुले होते, तर पाच इंद्रियांचे उद्यान अल्प शुल्कात वर्षभर पाहता येते. फेब्रुवारीतील प्रवासात दोन्ही साधतात. ज्येष्ठांनी साकेतच्या चढणीसाठी काठी सोबत ठेवावी.