पाळी गेल्यानंतरचे हृदय

"बायकांना कुठे हार्ट अटॅक येतो?" हे वाक्य आपल्या घरांतून अजून ऐकू येते. रक्तदाब मोजायचे यंत्र घरात येते ते बहुधा यजमानांसाठी, आणि काकूंच्या छातीतली जळजळ कालच्या वड्यांवर ढकलली जाते. प्रत्यक्षात २०१९ साली जगभरात मृत्यू पावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी गेल्या. यात पक्षाघातही आला.

या समजाला थोडा आधार आहे. स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ-दहा वर्षे उशिरा येतो. पण ही सवलत प्रत्येकीला सारखी मिळत नाही. पाळी कोणत्या वयात गेली, ती आपोआप गेली की शस्त्रक्रियेने, आणि आपण जगाच्या कोणत्या भागातल्या लोकांपैकी आहोत, या तिन्ही गोष्टींनी हिशेब बदलतो.

पाळी सुरू असेपर्यंत बीजांडकोशांतून इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवत असते. त्यामुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर लवचीक राहते, यकृत रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल जास्त उचलते आणि चरबी पोटापेक्षा मांड्या-नितंबांवर साठते. रजोनिवृत्तीत हे सगळे उलट फिरू लागते. अमेरिकेत १९९०च्या दशकात सुरू झालेल्या 'स्वान' या अभ्यासात सुमारे ३३०० स्त्रियांची पाळी जाण्याआधीपासून वर्षानुवर्षे तपासणी होत राहिली. गोऱ्या, कृष्णवर्णीय, चिनी, जपानी आणि हिस्पॅनिक अशा पाच गटांतल्या या स्त्रिया होत्या. शेवटच्या पाळीच्या आसपासच्या वर्षभरात एलडीएल एकदम चढतो, असे त्यात दिसले, आणि हे पाचही गटांत सारखेच घडले. वजन आणि रक्तदाब मात्र वयाबरोबर हळूहळू वाढतात, त्यांचा दोष सगळा पाळीवर टाकता येत नाही.

मग वंशाचा फरक कुठे पडतो? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये चाळिशीच्या आत पाळी जाण्याचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे तिप्पट असल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. ज्यांची पाळी अशी लवकर गेली, त्यांचा हृदयविकाराचा आयुष्यभराचा धोका दोन्ही गटांत सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होता. म्हणजे लवकर पाळी जाण्याची किंमत दोघींना सारखीच, पण ती मोजावी लागणाऱ्या एका गटात जास्त. त्यात उच्च रक्तदाब, गरिबी, अपुरे उपचार आणि रोजचा भेदभाव यांची भर पडते. माझ्या मते 'वंश' हा शब्द इथे जपून वापरावा. त्यात रक्तापेक्षा परिस्थितीच जास्त भरलेली असते.

'स्वान'च्या पाच गटांत आपण नाही. १९४८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात सुरू झालेल्या ज्या अभ्यासातून धोका मोजायची गणिते आली, त्यातले लोकही जवळजवळ सगळे गोरे होते. आपल्यासाठी महत्त्वाचा ठरला तो ५२ देशांतला 'इंटरहार्ट' अभ्यास. भारत आणि शेजारच्या देशांतल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतरांना ५९च्या आसपास, असे त्यात दिसले. पुढे २०१० साली सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातल्या दक्षिण आशियाई लोकांवर 'मसाला' नावाचा अभ्यास सुरू झाला (नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी). आपल्या लोकांत कमी वजनातही मधुमेह जास्त, हे त्यातून पुन्हा ठळक झाले. म्हणूनच भारतीय स्त्रीसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर धरतात. अमेरिकेच्या २०१८च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत तर धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या एकाच यादीत दक्षिण आशियाई असणे आणि ४०च्या आत पाळी जाणे ही दोन्ही कलमे आहेत.

पाश्चात्त्य देशांत पाळी सरासरी ५१व्या वर्षी जाते, आपल्याकडे ४६-४७च्या सुमारास. निसर्गक्रमानेच चार-पाच वर्षे कमी. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे पिशवी काढण्याची. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आंध्र प्रदेश आणि आपण राहतो ते तेलंगणा या बाबतीत देशात सर्वांत वर होते, आणि देशभरात ही शस्त्रक्रिया होण्याचे मध्यम वय होते अवघे ३४. बीड जिल्ह्यातल्या हजारो ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या काढल्याचे उघड झाल्यावर महाराष्ट्रात २०१९ साली सरकारी चौकशी समिती नेमावी लागली. पण हा प्रश्न फक्त उसाच्या फडातला नाही. "आता मुलं झाली, कटकट कशाला ठेवायची?" असे म्हणत सुशिक्षित घरांतही हा निर्णय झटपट होतो.

इथे एक भेद नीट समजून घ्यावा. गर्भाशय म्हणजे पिशवी, आणि इस्ट्रोजेन तयार करणारे बीजांडकोश ही वेगळी इंद्रिये आहेत. पिशवी काढताना बीजांडकोश ठेवता येतात, पण 'पुढे कॅन्सर नको' म्हणून तेही काढले जातात, आणि कित्येक जणींना त्याचा पत्ताही नसतो. अमेरिकेतल्या सव्वा लाखाच्या जवळपास परिचारिकांच्या अभ्यासातून १९८७ साली निघालेला निष्कर्ष बोलका आहे. आपोआप पाळी गेलेल्या स्त्रियांत, वय आणि धूम्रपान हिशेबात घेतल्यावर, धोका फारसा वाढलेला दिसला नाही. दोन्ही बीजांडकोश काढलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न घेतलेल्या स्त्रियांत मात्र तो दुपटीहून अधिक होता. ज्यांच्या घराण्यात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना ते काढणे हिताचे असू शकते. इतरांनी शस्त्रक्रियेआधी "बीजांडकोश ठेवणार का, नसतील तर का?" एवढे विचारायलाच हवे. बीजांडकोश ठेवले तरी ते काही वर्षे आधी थकू शकतात. त्यातून पाळी तर आधीच बंद झालेली, त्यामुळे खरी रजोनिवृत्ती कधी झाली हे कळतही नाही.

मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या सगळ्यांनीच घ्याव्यात का? हा विचार जगाने करून पाहिला. १९७०च्या सुमारास झटका येऊन गेलेल्या पुरुषांनासुद्धा अमेरिकेत इस्ट्रोजेन देऊन पाहिले होते. झटके वाढले आणि तो प्रयोग थांबवावा लागला. २००२ साली १६,६०८ स्त्रियांवरची मोठी चाचणी स्तनाचा कर्करोग वाढल्याने मध्येच बंद झाली. हृदयालाही त्यात फायदा झाला नव्हता. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. त्यामुळे हृदय वाचवण्यासाठी म्हणून या गोळ्या देत नाहीत. पण चाळिशीच्या आत बीजांडकोश गेलेल्या तरुण स्त्रीला, दुसरी अडचण नसेल तर, पन्नाशीपर्यंत संप्रेरके द्यावीत असा आजचा सर्वसाधारण सल्ला आहे. २००२च्या बातमीला घाबरून त्यांनी परस्पर गोळ्या सोडू नयेत.

डॉक्टरांकडे जाताना पाळी कोणत्या वर्षी गेली, पिशवी काढली असल्यास बीजांडकोश आहेत की नाहीत, आणि गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली होती का, हे कागदावर लिहून न्यावे. तिसरी गोष्ट तीस वर्षांपूर्वीची असली तरी हृदयासाठी जुनी होत नाही. शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड सापडले तर उत्तमच. त्यात काय काय काढले ते लिहिलेले असते. पाळी गेल्यावर वर्षभरात कोलेस्टेरॉल आणि साखर तपासून घ्यावी, रक्तदाब त्याहून जास्त वेळा.

लक्षणांबद्दल एक गैरसमज उलट्या बाजूने पसरला आहे, की बायकांच्या छातीत दुखतच नाही. स्त्रियांतही छातीत दुखणे किंवा दाटणे हेच मुख्य लक्षण असते. मात्र त्याच्या जोडीला दम लागणे, मळमळ, जबडा, मान किंवा पाठ दुखणे, दरदरून घाम आणि विलक्षण थकवा हे पुरुषांपेक्षा अधिक वेळा दिसते. जिना चढताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी 'अ‍ॅसिडिटी' बहुधा अ‍ॅसिडिटी नसते. काही स्त्रियांत मोठ्या धमन्या मोकळ्या असतात, दोष बारीक वाहिन्यांत असतो. तेव्हा अँजिओग्राफी स्वच्छ आली तरी त्रास टिकून असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना पुन्हा भेटावे आणि बारीक वाहिन्यांबद्दल नाव घेऊन विचारावे.