थोड्या पैशांतली मुंबई

मुंबई महाग आहे ही समजूत मुख्यतः घरांच्या किमती आणि हॉटेलांची बिले यांवरून रुजलेली आहे आणि त्या दोन बाबतींत ती खोटीही नाही. परंतु ज्यांच्या श्रमांवर हे शहर उभे राहिले ते गिरणी कामगार, गोदीतले हमाल, बोटींवरचे खलाशी, कचेऱ्यांतले कारकून आणि शाळामास्तर यांच्या हाती पैसा कधीच फारसा नव्हता, तरीही त्यांना याच शहरात राहायचे, जेवायचे, हिंडायचे, वाचायचे आणि नाटके पाहायची होती. त्यांच्यासाठी, आणि पुष्कळदा त्यांनीच एकत्र येऊन, ज्या सोयी उभ्या केल्या त्यांतल्या बऱ्याच आजही चालू आहेत. चार दिवसांसाठी मुंबई पाहायला येणाऱ्या कुटुंबाने किंवा शिकायला आलेल्या विद्यार्थ्याने ठरावीक स्थळे दाखवणाऱ्या गाडीत बसण्याऐवजी या सोयींची वाट धरली, तर खर्च कमी होतो हे खरेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शहर अधिक चांगले कळते.

प्रवासापासून सुरुवात करणे सोयीचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर सुरू झालेल्या रेल्वेचा पसारा आज पश्चिम, मध्य आणि हार्बर या मुख्य मार्गांवर पसरलेला असून दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट ५ रुपये आहे. सर्व स्थानकांवर थांबणारी ती स्लो आणि मोजक्या स्थानकांवर थांबणारी ती फास्ट लोकल, एवढा भेद ध्यानात घेतला की नवख्या माणसाचा निम्मा गोंधळ मिटतो. सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांना विलक्षण गर्दी असते, त्यामुळे मुलाबाळांसह निघणाऱ्याने सकाळी अकरानंतर गाडी धरावी आणि संध्याकाळी पाचच्या आत किंवा रात्री उशिरा परतावे. रविवारी गर्दी कमी असते. मात्र रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास काही मार्गांवरची वाहतूक थांबवली किंवा वळवली जाते, ज्याला मेगाब्लॉक म्हणतात, त्याची सूचना आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाहून मग बेत ठरवणे शहाणपणाचे.

स्थानकापासून पुढचा प्रवास बेस्टच्या बसचा. १८७४ साली घोड्यांनी ओढलेल्या ट्रामपासून सुरू झालेली आणि १९२६पासून बस चालवणारी ही वाहतूक १९४७ साली महापालिकेच्या मालकीची झाली, आणि नफ्यापेक्षा सोय मोठी हे तत्त्व तोट्याची वर्षे सोसूनही तिने पुष्कळ काळ सांभाळले. मे २०२५मधील भाडेवाढीनंतरही साध्या बसचे किमान भाडे १० रुपयेच आहे. १९३७मध्ये आलेल्या डबलडेकर बसचा डिझेलवरचा शेवटचा ताफा २०२३मध्ये निवृत्त झाला असला, तरी त्याच वर्षी विजेवरच्या वातानुकूलित डबलडेकर दक्षिण मुंबईत धावू लागल्या. त्यांच्या वरच्या मजल्यावरची पुढची जागा मिळाली, तर जुन्या इमारतींच्या कमानी आणि सज्जे डोळ्यांच्या पातळीवर येतात, जे पायी चालताना किंवा टॅक्सीतून कधीच दिसत नाही.

या इमारतींचा परिसर म्हणजे फोर्ट, आणि थोड्या पैशांत मुंबई पाहणाऱ्याने सर्वाधिक वेळ द्यावा तो येथेच. इंग्रजांच्या किल्ल्याबाहेरचे मैदान, ज्याला एस्प्लनेड म्हणत, ते तटावरच्या तोफांना मारा करता यावा म्हणून मुद्दाम मोकळे ठेवलेले होते. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडण्यात आले आणि त्या पट्ट्यात सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या, पण जमिनीचा मोठा भाग मोकळाच राहिला. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही त्याच एस्प्लनेडची आज उरलेली मैदाने होत. लढाईच्या गरजेने मोकळी राहिलेली जमीन पुढे क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या, सभा घेणाऱ्या कामगारांच्या आणि दुपारी झाडाखाली डबा खाणाऱ्या कारकुनांच्या वाट्याला आली, हे मुंबईचे मोठे भाग्य आहे.

ओव्हलच्या मधून जाणाऱ्या वाटेवर उभे राहिले, म्हणजे एका पैशाचाही खर्च न करता दोन काळांतली वास्तुकला समोरासमोर पाहता येते. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईचे नाव दिलेला राजाबाई टॉवर आहे. टोकदार कमानी, उंच निमुळते मनोरे आणि दगडात कोरलेली पाने-फुले-प्राणी ही ज्या शैलीची ओळख, त्या गॉथिक शैलीचे हे एकोणिसाव्या शतकातले रूप होय. पश्चिमेला, समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर, १९३० आणि १९४०च्या दशकांतल्या इमारतींची रांग आहे. गोलाई दिलेले सज्जे, खिडक्यांवर भुवईसारखी पुढे आलेली छपरे, लोखंडी फाटकांवरची सूर्यकिरणांची नक्षी ही त्यांची लक्षणे असून या शैलीला आर्ट डेको म्हणतात. १९३८ साली उघडलेले इरॉस चित्रपटगृह हे तिचे परिचित उदाहरण. या दोन्ही समूहांना मिळून २०१८मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्याआधी २००४मध्ये तो मान मिळालेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रोज लाखो माणसे ज्या फाटकासमोरून धावत जातात, त्याच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलेला आहे, अनुक्रमे ब्रिटन आणि हिंदुस्थान यांची चिन्हे म्हणून. भिंतींवर मोर, माकडे आणि खारी दगडात कोरलेल्या आहेत. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून अर्धा तास ही इमारत न्याहाळण्यात जो आनंद आहे, तो पुष्कळ महागड्या करमणुकींत नाही.

एस्प्लनेडची ही मैदाने आपोआप टिकलेली नाहीत. ओव्हलची दुर्दशा झाली तेव्हा १९९०च्या दशकात आसपासच्या रहिवाशांनी न्यायालयात जाऊन त्याचे रक्षण केले. शहरातल्या इतर काही मोकळ्या जागांचा मोठा हिस्सा मात्र सभासदत्वाच्या कुंपणाआड आहे, आणि ज्या शहरात सामान्य माणसाचे घर एका खोलीचे असते, तेथे मैदान म्हणजे घराचाच उरलेला भाग असल्यामुळे ही गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही. १९२५ साली महापालिकेने खुले केलेले दादरचे शिवाजी पार्क याची साक्ष देते. त्याच्या भोवतीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलेल्या आजोबांना, आतल्या नेटमध्ये सराव करणाऱ्या मुलांना आणि भेळ खात गप्पा मारणाऱ्या मैत्रिणींना तिकीट काढावे लागत नाही.

फोर्टकडे पुन्हा वळले तर काळा घोडा भागात १९५२पासून चालू असलेल्या जहांगीर कलादालनात प्रवेश विनामूल्य आहे. प्रदर्शन मांडणारा चित्रकार बहुधा स्वतः दालनात हजर असतो आणि त्याला चित्राविषयी विचारले तर तो आनंदाने बोलतो. चित्रकलेची समज नाही म्हणून बिचकणाऱ्यांनी तर येथे अवश्य जावे. १९९९पासून जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरणारा काळा घोडा कला महोत्सवही सर्वांसाठी मोफत असतो. १८३३ साली बांधून झालेल्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, आणि तिच्या व्याख्यानांना पुष्कळदा कोणालाही बसता येते. तेथून निघून ओव्हल ओलांडून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर सूर्यास्ताला पोचावे, हा दिवसभराचा क्रम पायी पुरा होतो.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे बाहेरगावचे लोक क्वचितच फिरकतात, याची खंत वाटते. १८७२मध्ये सध्याच्या वास्तूत खुले झालेले हे शहरातले सर्वांत जुने संग्रहालय असून तिकीट किरकोळ आहे. सोनेरी-हिरव्या रंगात नटलेल्या त्याच्या लोखंडी खांबांखाली काचेच्या कपाटांत मातीच्या लहान लहान बाहुल्या मांडलेल्या आहेत. निरनिराळ्या जातिजमातींचे पोशाख, पगड्या बांधण्याच्या तऱ्हा आणि कारागिरांची कामे त्यांत इतक्या बारकाईने दाखवली आहेत की एकोणिसाव्या शतकातली मुंबई कशी दिसत होती, हे छायाचित्रांपेक्षाही तेथे स्पष्ट कळते. घारापुरी बेटाला ज्याच्यामुळे परकीयांनी एलिफंटा हे नाव दिले, तो दगडी हत्ती याच आवारात उभा आहे. शेजारीच राणीची बाग हे प्राणिसंग्रहालय आहे. दोन्ही ठिकाणी बुधवारी सुट्टी असते.

जेवणाच्या बाबतीत कापडगिरण्यांच्या भागाचा, म्हणजे गिरणगावाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. कोकणातून आणि देशावरून आलेले गिरणी कामगार बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत दाटीने राहत आणि चाळीतल्या एखाद्या बाईकडे ‘खानावळ लावत’, म्हणजे महिन्याच्या हिशोबाने दोन वेळचे जेवण ठरवत. या बाया स्वतःच्या लहानशा खोलीत पहाटेपासून चूल पेटवून पाळीनुसार पाने वाढत. सावकाराच्या कर्जात त्या अडकलेल्या असत, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये त्यांची संघटना बांधली, तीच अन्नपूर्णा महिला मंडळ. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्या खानावळीही ओसरल्या, परंतु स्वस्तात पोटभर वाढण्याची रीत दादर, गिरगाव आणि परळच्या साध्या उपाहारगृहांत टिकून आहे. चपाती, भाजी, आमटी आणि भात ठरावीक प्रमाणात एकाच ताटात देतात त्याला राइस प्लेट म्हणतात. दुपारी ती घेतली की संध्याकाळपर्यंत दुसरे काही लागत नाही. माटुंग्याला दक्षिणी नोकरदारांसाठी निघालेली उडुपी पद्धतीची भोजनगृहे आहेत, जेथे केळीच्या पानावर भात, सांबार आणि रसम आग्रहाने वाढतात. इराण्याच्या हॉटेलातला ब्रून मस्का आणि चहा हा सकाळचा चांगला आधार. वडापाव मात्र गाडीभोवतीची गर्दी पाहूनच घ्यावा, कारण जेथे घाणा सतत चालू असतो तेथे वडा गरम मिळतो.

निवाऱ्याचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि तोही पूर्वी लोकांनी आपापसांतच सोडवला होता. कोकणातल्या एकेका गावाच्या मंडळांनी मुंबईत खोल्या घेऊन गावकऱ्यांची पथारी पसरण्याची सोय केली. गोव्यातून बोटींवर नोकरीसाठी येणाऱ्यांसाठी धोबीतलाव परिसरात गावोगावची ‘कूड’ निघाली; कूड म्हणजे त्या गावच्या सभासदांना अल्प मोबदल्यात राहू देणारे सामाईक घर, ज्यात सामान ठेवायला पेटीपुरती जागा आणि प्रार्थनेसाठी वेदी असे. त्यांतली काही आजही आहेत, परंतु ती सभासदांसाठीच. इतरांना लांब पल्ल्याच्या रेल्वे तिकिटावर मिळणारी मोठ्या स्थानकांतली विश्रांतिगृहे परवडतात. ठाणे, डोंबिवली किंवा वसईला नातलग असतील तर त्यांच्याकडे उतरून लोकलने ये-जा करणे हाच मराठी कुटुंबांचा जुना आणि रास्त मार्ग आहे.

नाटकाच्या महागड्या तिकिटांना पर्याय असतो. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७०च्या दशकात जी प्रायोगिक नाट्यचळवळ बहरली, ती साध्या रंगमंचावर आणि माफक तिकिटावरच. त्या वळणाचे प्रयोग आजही लहान सभागृहांत होतात, आणि राज्य नाट्य स्पर्धेतली नाटके तर अगदी नाममात्र दरात पाहता येतात.

एक दिवस बोरिवलीसाठी राखून ठेवावा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत, आणि उद्यानाचे व लेण्यांचे तिकीट मिळून होणारा खर्च एका बऱ्या नाश्त्याहून फारसा जास्त नसतो. सोमवारी उद्यान बंद असते. कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांना पोढी म्हणतात आणि पावसाळ्यात डोंगरावरचे पाणी त्यांत उतरवणारे कोरीव पाट अजून ओळखता येतात. लेणी आणि पोढी खोदण्यासाठी कल्याण, सोपारा अशा गावांतल्या व्यापाऱ्यांनी आणि स्त्रियांनी दिलेल्या देणग्यांची नोंद तेथल्या ब्राह्मी शिलालेखांत आहे. चढण मध्यम असली तरी दुपारच्या उन्हात दगड तापतो, म्हणून सकाळी उद्यान उघडताच आत जावे, पाणी आणि डबा बरोबर न्यावा, आणि माकडांपासून तो सांभाळावा.