यामाकोशी : विसर्जित गावाचा कारभार

जपानच्या निईगाता प्रांतातील डोंगराळ मुलखात वसलेले यामाकोशी १९५६ मध्ये आसपासची लहान गावे एकत्र करून घडवण्यात आले आणि १ एप्रिल २००५ रोजी शेजारच्या नागाओका शहरात विलीन होऊन कायद्याच्या दृष्टीने संपुष्टात आले. जपानी कायद्यातील ‘मुरा’ म्हणजे एकसंध वस्ती नव्हे, तर स्वतःचा अर्थसंकल्प, शाळा आणि रहिवाशांची नोंदवही असलेली, अनेक वाड्यांची मिळून बनलेली स्थानिक स्वराज्य संस्था होय; तिचा प्रमुख आणि तिच्या सभागृहाचे सदस्य यांना मतदार स्वतंत्रपणे व थेट निवडतात. यामाकोशीत अशा चौदा वाड्या होत्या आणि सुमारे चाळीस चौरस किलोमीटरच्या परिसरात २००४ मध्ये सुमारे २,२०० लोक राहत होते.

ही संस्था जेमतेम पन्नास वर्षांची असली, तरी वाड्यांची स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची सवय तिच्याहून बरीच जुनी होती. हिवाळ्यात येथे तीन-चार मीटर बर्फ साचते आणि पूर्वी कोमात्सुगुरा वाडीतील आजाऱ्याला डॉक्टरकडे न्यायचे, तर पाठीवर घेऊन बर्फातून नाकायामा खिंड ओलांडावी लागे. म्हणून १९३३ मध्ये वाडीतील लोकांनी कुदळीने डोंगर पोखरण्यास आरंभ केला आणि युद्धकाळात काम थांबूनही १९४९ मध्ये सुमारे नऊशे मीटर लांबीचा बोगदा आरपार नेला. शासनाने रस्ता द्यावा म्हणून वाट पाहण्याऐवजी लोकांनी तो आधी खोदला आणि शासन मागाहून आले, हा क्रम यामाकोशीच्या पुढील इतिहासातही दिसतो.

उतारावरील भातखाचरे आणि त्यांना पाणी पुरवणारी तळी यांतूनच येथील दुसरी ओळख जन्मली. हिवाळ्यातील अन्न म्हणून पाळल्या जाणाऱ्या कार्प माशांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रंगीत मासे आढळू लागले. त्यांच्या निवडक पैदाशीतून ‘निशिकिगोई’ हे शोभेचे मासे तयार झाले आणि १९१४ च्या तोक्यो प्रदर्शनानंतर त्यांना देशभर मागणी आली. बैलांच्या झुंजीची येथील प्रथाही जुनी आहे. या झुंजीत जय-पराजय ठरवला जात नाही. बैल ऐन ईर्ष्येला आले की माणसे त्यांच्या पायांना दोर टाकून त्यांना वेगळे करतात. लहानशा समाजात कोणाचाही बैल हरलेला नसणे किती सोयीचे असते, हे वेगळे सांगायला नको.

२३ ऑक्टोबर २००४ च्या संध्याकाळी ६.८ तीव्रतेच्या भूकंपाने हा मुलूख हादरला. दरडींनी सर्व रस्ते तुटले, इमो नदीचे पात्र अडून कोगोमो वाडीतील घरे पाण्याखाली गेली आणि गावप्रमुख नागाशिमा तादायोशी यांनी दोनच दिवसांत संपूर्ण गाव रिकामे करण्याचा निर्णय घेतला. लष्करी हेलिकॉप्टरांनी माणसे नागाओकात आणली गेली आणि नंतर बैलही हवाई मार्गे हलवण्यात आले. आरंभी माणसे ज्या क्रमाने पोहोचली त्या क्रमाने निरनिराळ्या निवाऱ्यांत विखुरली गेली होती. काही दिवसांनी मात्र निवाऱ्यांची फेरमांडणी करून प्रत्येक वाडी एकत्र आणण्यात आली आणि तात्पुरत्या घरांची वाटणीही वाडीनिहायच झाली. घाईच्या काळात ही उठाठेव अनावश्यक भासली असेल. परंतु परतायचे की नाही, घरे कोठे बांधायची, हे प्रश्न पुढे वाडीच्या बैठकांतच सुटायचे होते, आणि शेजारी विखुरलेले असते तर अशा बैठका भरल्याच नसत्या. नागाशिमांच्या सर्व निर्णयांत हा सर्वांत दूरदर्शी मानला पाहिजे.

विलीनीकरणाची बोलणी भूकंपापूर्वीच झाली होती. घटती लोकसंख्या आणि केंद्राच्या अनुदानावरील अवलंबित्व यांमुळे सरकारने लहान संस्थांना एकत्र येण्यास उद्युक्त केले होते. ‘हेइसेई महाविलीनीकरण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मोहिमेत १९९९ मधील ३,२३२ संस्थांची संख्या २०१० पर्यंत १,७२७ वर आली. यामाकोशीचे वेगळेपण एवढेच की, गाव कागदोपत्री संपले त्या दिवशी त्याचे रहिवासी गावाबाहेर, तात्पुरत्या घरांत होते. नागाशिमांचे पद गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर निवडून गेले आणि २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्थलांतराचा आदेश वाडीवाडीने उठत गेला आणि २००७ च्या अखेरीस परतीचे पर्व संपले, तेव्हा सुमारे सत्तर टक्के लोक माघारी आले होते. पुढील वर्षांत वार्धक्य आणि तरुणांचे स्थलांतर यांमुळे लोकसंख्या आठशेच्या आसपास घसरली. सभागृह उरले नसले तरी रहिवाशांची परिषद काम करीत राहिली आणि तिने डिसेंबर २०२१ मध्ये रंगीत कार्पची चित्रे असलेली डिजिटल मालकीपत्रे विक्रीस काढली. ती घेणारे ‘डिजिटल ग्रामस्थ’ ठरले आणि थोड्याच काळात त्यांची संख्या प्रत्यक्ष रहिवाशांपेक्षा अधिक झाली. जमलेल्या निधीचा काही भाग कोणत्या योजनांवर खर्चावा, यासाठी त्यांनी मतदान केले. मालकीपत्रे खऱ्या रहिवाशांनाही द्यावीत का, हा प्रश्नही मतास टाकला गेला आणि कौल अनुकूल आला. कायद्याने गमावलेला मताधिकार अशा आडवाटेने परत मिळतो असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल, कारण रस्त्यावरील बर्फ हटवण्याचा निर्णय आजही नागाओकाची महापालिकाच घेते.