पेशीभोवती बांधलेलं घर

बीडजवळ नारायणगड म्हणजे नगद नारायण महाराजांची धाकटी पंढरी. तिथे दर्शनाला जाणाऱ्या घरांत काळा मसाला कुटला जातो, त्यात दगडफूल हमखास पडतं. ही करडी पापडी फूल नव्हे, लायकेन आहे. बुरशीने तंतूंचं सच्छिद्र जाळं विणायचं, आत हिरवं शैवाल सांभाळायचं आणि त्याने उन्हावर बनवलेली साखर खायची, असा हा संसार. १८६७ साली स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी हे सांगितलं, तेव्हा लायकेनच्या जाणकारांनीच त्यांना वेड्यात काढलं.

बुरशीचं हे काम आता प्रयोगशाळेत माणूस करू पाहतोय. सगळ्यात सोपी रीत कॉलेजातही जमते. सोडियम अल्जिनेटच्या दाट द्रावणात शैवाल कालवायचं आणि सिरिंजने थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडायचं. थेंब पडताच घट्ट होऊन जेल बनतो, तळाशी हिरवा साबुदाणा साचतो. तो बायकार्बोनेट इंडिकेटरमध्ये टाकून उजेडात ठेवला की लालसर द्रावण जांभळं होत जातं. आतल्या पेशींनी कार्बन डायऑक्साइड ओढायला सुरुवात केलेली असते.

खरी गंमत अशी, की पेशी जेलच्या छिद्रात शिरतच नाही. ती मायक्रॉनची, छिद्रं नॅनोमीटरची. आधी पेशी, मग तिच्याभोवती भिंत; छिद्रं पाणी, क्षार आणि वायूंच्या ये-जा करण्यापुरती.

भिंत सिलिकाची केली तर टिकाऊ, पण बांधकामच पेशीच्या जिवावर उठतं. नेहमीच्या पद्धतीत अल्कोहोल सुटतं. सोडियम सिलिकेट घ्यावं तर क्षार बाधतात. बेल्जियमच्या नामूर विद्यापीठात बाओ-लियान सू यांच्या गटाने यातून वाट काढत सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शैवालासारखे उन्हावर साखर बनवणारे जीवाणू, सिलिकात जगवले. झुरिकच्या ईटीएचमधल्या मार्क टिबिट यांच्या गटाने २०२५ साली थ्रीडी प्रिंटरवर छापता येणारं जिवंत जेल मांडलं. त्याने ४०० दिवसांत ग्रॅममागे सुमारे २६ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड बांधला. एवढ्यावर हवा शुद्ध करणाऱ्या इमारतींची स्वप्नं रंगवणं मला घाईचं वाटतं.

कारण खरी अडचण बीडकराला सांगायला नको: पाणी. जेल वाळलं की आकसतं. दगडफूल मात्र उन्हाळाभर खडखडीत वाळतं, काम बंद ठेवतं आणि पाऊस लागताच काही मिनिटांत हिरवट होतं. इंग्लंडच्या सरे विद्यापीठाने २०२३ साली वेगळी दिशा धरली. त्यांनी कोरडेपणा सोसणारा वाळवंटी सायनोबॅक्टेरिया घेतला आणि तो चक्क सच्छिद्र रंगात मिसळला.