काठ राखणारा कहू

यवतमाळ जिल्हा म्हटला की कापूस आठवतो, आणि झाडांत आठवतो साग. पण ऐन वैशाखात अडाण किंवा अरुणावती नदीच्या काठाने जरा चालून पाहा. टेकडीवरचा साग उघडाबोडका झालेला असतो. खाली पाण्यालगत मात्र पांढुरक्या खोडाचे एक उंच झाड हिरवेगार उभे दिसते. हाच आपला कहू. पुस्तकात त्याला अर्जुन किंवा अर्जुनसादडा म्हणतात. त्याचे जुने संस्कृत नाव ककुभ. ते झिजत झिजत कहू झाले.

रानातला ऐन हा याचा सख्खा भाऊ. मग दोघांना ओळखायचे कसे? ऐनाची साल काळपट, सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. कहूची गुळगुळीत, आणि तिचे पातळ पापुद्रे सुटतात. कहूच्या फळाला पाच उभे पंख असतात.

लाकूड कठीण आणि वजनदार. वाळताना ते तडकते, करवतीला लवकर दाद देत नाही. म्हणून दारे-खिडक्या सागाच्या, पण गाड्या आणि शेतीची अवजारे यांसाठी कहू चालत आला. साल कातडे कमावायला उपयोगी. तिकडे गडचिरोली, भंडाऱ्याकडे टसर रेशमाचे किडे ऐनाच्या आणि अर्जुनाच्या पानांवर पोसतात. औषधात तर सालीचा मान मोठा! हृद्‌रोगावर ती दुधात उकळून देण्याची आयुर्वेदाची परंपरा आहे. मात्र छातीत कळ आली, तर काढा उकळीत बसू नका. आधी डॉक्टरांकडे जा.

हा मानच झाडाच्या मुळावर आला आहे. विद्यार्थ्यांना घेऊन एका नाल्यावर गेलो होतो. एक मोठा कहू वाळून आडवा झालेला, आणि मागचा काठ ढासळून शेतात शिरलेला. शेताचे म्हातारे धनी म्हणाले, “साल नेली लोकायनं, अन् काठ नेला पुरानं, गुरुजी.”

झाले असे की, साल खोडाभोवती गोल सोलली होती. पानांत तयार झालेले अन्न आतल्या सालीतूनच मुळांकडे उतरते. ती वाट तुटली की मुळे उपाशी मरतात, आणि मुळे मेली की त्यांनी धरून ठेवलेली काळी माती पहिल्या मोठ्या पुराबरोबर जाते.

साल हवीच असेल तर एका बाजूने, अरुंद उभी पट्टी घ्यावी. खोडाला वेढा कधी घालू नये. जखम हळूहळू भरून येते. आणि फळे दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून पावसाच्या तोंडावर काठाशी लावावीत. ओल तुंबणाऱ्या जागी, जिथे साग जीव धरीत नाही, तिथे कहू रुजतो. बांधबंदिस्तीला आपण पैसा मोजतो. हा राखणदार मागतो ती थोडी ओल, आणि अंगावरची साल.