इव्हेंटच्या स्थलांतराचा मागोवा

विंडोज प्रणालीत प्रारंभी प्रत्येक खिडकीमागे एकच फंक्शन असे, आणि कळ दाबल्याची वर्दी असो वा खिडकी पुन्हा रंगविण्याचा हुकूम, सारे निरोप त्याच्याच दारी येऊन एका भल्याथोरल्या स्विच विधानातून आपली वाट काढीत. १९९१ च्या व्हिज्युअल बेसिकने बटणाचे व इव्हेंटचे नाव अधोरेषेने जोडताच प्रोसीजर त्या बटणास आपोआप रुजू व्हावी अशी तजवीज केली. १९९५ च्या डेल्फीने मेथडचा पत्ता आणि तिच्या ऑब्जेक्टचा पत्ता एकत्र बांधून ती जोडी प्रॉपर्टीत ठेवण्याची मुभा दिली. आणि १९९७ साली जावा १.१ ने, पूर्वीची वारसाधिष्ठित पद्धत मागे टाकून, लिसनर नावाचे इंटरफेस पुढे आणले.

डेल्फीचे शिल्पकार अँडर्स हेल्सबर्ग मायक्रोसॉफ्टमध्ये गेल्यावर तेथील जावाच्या आवृत्तीत डेलिगेट, म्हणजे मेथड व तिचा ऑब्जेक्ट एकत्र धरणारी मूल्ये, आले. इनर क्लास असता डेलिगेटचे प्रयोजनच काय, असा जावाच्या निर्मात्या सन कंपनीचा आक्षेप होता. तरीही २००० साली जाहीर झालेल्या सी शार्पमध्ये ते राजरोस दाखल झाले. या वादाला अवास्तव महत्त्व मिळाले असे माझे मत आहे, कारण जावातील कोड सी शार्पमध्ये नेताना जे खरोखर मोडत असे, ते या लेखनभेदात नव्हतेच.

ते होते अलिखित वर्तनात. जावाच्या स्विंग या खिडक्या-बटणांच्या संग्रहातील बटण शेवटी नोंदलेल्या लिसनरला प्रथम हाक मारते, तर सी शार्पचा इव्हेंट हँडलरांना नोंदणीच्या क्रमाने बोलावतो. म्हणजे आधी तपासणी आणि मग जतन, हा क्रम केवळ नोंदणीच्या उलटसुलटीवर विसंबला असेल, तर एकही ओळ न चुकता भाषांतरित झालेला प्रोग्राम न तपासलेला मजकूर जतन करून मोकळा होतो. उलट दिशेने जाताना अडचण वेगळी: सी शार्पचा डेलिगेट अविकारी असल्यामुळे हाका चालू असताना एखाद्या हँडलरने आपले नाव काढून घेतले तरी चालू फेरीस धक्का लागत नाही; तोच व्यवहार जावात साध्या ॲरेलिस्टवर उभारला, की फेरीच्या मध्येच यादी बदलल्याचा अपवाद बहुधा उद्भवतो, आणि म्हणून २००४ च्या जावा ५ मधील कॉपीऑनराइटॲरेलिस्ट, जी प्रत्येक बदलास नवी प्रत काढते, ती येथे फार उपयोगी पडली.

नोंद रद्द करण्याचे काम मात्र सर्वत्र उपेक्षित राहिले. डेल्फीत एका इव्हेंटला एकच हँडलर, तेव्हा दुसरा नेमताच पहिला बरखास्त होई. सी शार्पमध्ये दुसरा पहिल्याशेजारी बसतो, आणि ज्याची नोंद काढली नाही असा बंद झालेला फॉर्मदेखील इव्हेंटच्या मालकाच्या स्मृतीत तसाच धरलेला राहतो. पुढे लॅम्डा, म्हणजे जागीच लिहिलेली निनावी फंक्शने, आले, जावात २०१४ साली, आणि नोंद करणे इतके सुलभ झाले की ती काढण्यासाठी तेच फंक्शन हाती लागते, हे विस्मरणात गेले: जावास्क्रिप्टमध्ये अक्षरशः तसेच दुसरे फंक्शन देऊन नोंद काढू गेल्यास पहिले जागचे हलत नाही, आणि त्याबद्दल कसली तक्रारही उमटत नाही.