गुऱ्हाळाचे फोटो आणि गुळाचा खरा रंग

आजच्या भागात मागे जी घरघर ऐकू येतेय ना, ती उसाच्या चरकाची. रेकॉर्डिंग कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर केलंय. हेडफोन विसरला असाल तर वाचून घ्या. विषय आहे, मोबाइलवर गुऱ्हाळाचे फोटो कसे काढायचे. आणि त्यात मी केलेली एक चूक.

चूकच आधी सांगतो. मागच्या हंगामात इथंच आलो होतो. फोटो काढले, वर एक फिल्टर लावला आणि गूळ झाला पिवळाधमक. लाइक पण भरपूर आले. यंदा गेलो तर गुळवे मामा म्हणाले, "पावणं, तुमच्या फोटूत गूळ लई पिवळा दिसतोय. आता गिऱ्हाईक येतंय आणि म्हणतंय, तसलाच द्या. आमचा तर तांबूस असतोय. कुठनं आणू?"

मी गप्पच झालो. कारण काही ठिकाणी रंग उजळ दिसावा म्हणून रसात हायड्रोस पावडर टाकतात. हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, रंग उडवणारं रसायन. त्यातला गंधकाचा अंश गुळात राहतो. मामा ती वापरत नाहीत. रसातली मळी वर यावी म्हणून ते भेंडीची खोडं ठेचून त्यांचं बुळबुळीत पाणी काहिलीत घालतात. म्हणजे बघा, माझा फिल्टर नेमकी मामा टाळतात त्याच पावडरीची जाहिरात करत होता, तीही फुकट!

तर आता या वेळी काय केलं ते सांगतो.

पहिलं, वाफ. वाफेनं लेन्स धुरकट होते, म्हणून खिशात सुती रुमाल हवाच. उजेड वाफेच्या मागून किंवा बाजूनं येईल असं उभं राहा आणि पाठीमागं काळपट भिंत घ्या. मग वाफ उठून दिसते. वाफेत फोकस भटकतो, म्हणून काहिलीच्या काठावर बोट दाबून धरा आणि फोकस लॉक करा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. वाफेची कडा त्याला कळत नाही.

दुसरं, रंग. चुलवाणात चिपाडाचा जाळ असतो, त्याचा उजेड नारिंगी. फोन आपल्या मनानं रंग बदलत बसतो. म्हणून तयार गूळ बाहेर सावलीत आणा, शेजारी पांढरा कागद ठेवा आणि फोटो काढा. कागद फोटोत पांढराच दिसला तर गुळाचा रंगही खऱ्याच्या जवळ आहे असं समजा. फिल्टर? नकोच.

तिसरं, वेळ. रस दोन-तीन तास उकळतो. पण शेवटची काही मिनिटं महत्त्वाची. पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला आला की गूळ होतो. मामांकडे थर्मामीटर नाही. ते पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतात, बोटांनी गोळी वळतात आणि ताटलीवर आपटतात. टण्ण वाजली की काहील उतरली! हा आवाज भागाच्या शेवटी आहे, नक्की ऐका. त्या क्षणी सगळे धावतात, म्हणून तुम्ही आधीच बाजूला व्हा. फोन काहिलीवर धरू नका. तो पाक अंगावर उडाला तर चिकटून भाजतो.

आणि फोटो टाकण्याआधी ज्याचा आहे त्याला दाखवा. मी जुना फोटो काढून टाकला आणि नवा, तांबूस गुळाचा, मामांना दाखवला. ते बघून म्हणाले, "हां, ह्यो आमचा." मग द्रोणात गरम काकवी दिली. तिचा फोटो मात्र काढायचाच राहिला.

तुमच्या गावच्या गुऱ्हाळाचा गूळ कुठल्या रंगाचा? फोटो पाठवा, पण फिल्टरशिवाय. भेटू पुढच्या भागात!